प्रयोगवहीतला ९.८

प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा गठ्ठा तपासायला घेतला की साध्या लंबकाच्या पानाशी मी दरवेळी थबकते. गुरुत्वत्वरणाचं, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदनं वाढतो याचं, उत्तर पुस्तकातलंच, ९.८. पुढची वही, ९.८. त्यापुढची, ९.८१. हातानं केलेली मोजमापं इतकी एकसारखी येत नाहीत. उत्तर आधी लिहून रीडिंग मागाहून बसवली, की मगच अशी येतात.

मुलांवर मला रागावता येत नाही, कारण अकरावीत मीही हेच केलं होतं. त्याआधी मात्र मनापासून मोजलं होतं. सात वेगवेगळ्या लांब्या, प्रत्येकीची २० दोलनं, म्हणजे जाऊन-येऊन २० पूर्ण झोके. ३० सेंटिमीटर दोऱ्याला उत्तर आलं ९.३, एक मीटरला ९.६ च्या वर. लांबी आणि आवर्तकालाचा (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग यांचा आलेख काढला, तर बिंदू छान एका रेषेत बसले, पण रेषा शून्यातून जाईना. कागदावर दोन-तीन मिलिमीटर वरून जात होती. ‘शून्यातूनच जायला हवी, खोड आणि परत काढ,’ असं मला सांगितलं गेलं. मी खोडलं. रीडिंगही बदलली. पूर्ण गुण मिळाले.

ती रेषा काय सांगत होती, हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. लंबकाची लांबी धरायची ती टांगलेल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. मी नुसता दोरा मोजला होता. हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून प्रत्येक लांबी सुमारे दीड सेंटिमीटरनं कमी पडत होती. आखूड दोऱ्यात दीड सेंटिमीटर म्हणजे मोठा वाटा, म्हणून तिथे उत्तर जास्त घसरलं. लांब दोऱ्यात तोच फरक किरकोळ. आणि सगळ्या लांब्यांत चूक सारखीच असेल, तर आलेखातली रेषा बाजूला सरकते, पण तिचा चढ तसाच राहतो. म्हणजे नुसत्या चढावरून काढलं असतं तर माझं उत्तर बरोबर आलं असतं! शिवाय रेषा मागे वाढवली असती, तर लांबीच्या अक्षावर शून्याच्या डावीकडे माझे विसरलेले दीड सेंटिमीटर मोजून मिळाले असते. माझी चूक कुठे आहे आणि केवढी आहे, हे आलेखानंच मला दाखवलं होतं. मी ते खोडरबरानं पुसलं.

१६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. वेळ नीट दाखवण्यासाठी लंबक जेमतेम तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं. रिशेनं तो फरक लपवला नाही, नोंदवला. पुढे १६८७ मध्ये न्यूटननं पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे हे मांडताना याच नोंदीचा आधार घेतला. आज आपल्याला ठाऊक आहे की गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतं.

म्हणून माझं मत असं, की उत्तर ९.८ च्या किती जवळ आलं यावर प्रयोगाचे गुण देणं बंद करावं. विचारावं ते हे: २० दोलनं का मोजलीस? स्टॉपवॉचचं बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात. दोन सेकंदांच्या एकाच दोलनात ती १० टक्के चूक; २० दोलनांच्या ४० सेकंदांत अवघा अर्धा टक्का. ज्याला हे सांगता येतं त्याला पदार्थविज्ञान येतं, मग उत्तर ९.६ का असेना.

पोर्शन संपत नाही, परीक्षा डोक्यावर असते, हे मी रोज अनुभवते. न्यूमेरिकल्सही हव्यातच. पण तिथे प्रत्येक आकडा दिलेला असतो, दोरी वजनरहित असते, पृष्ठभागावर घर्षण नसतं. जो आकडा कुणीच दिलेला नाही, तो अकरावी-बारावीच्या या दोन वर्षांत फक्त प्रयोगशाळेत भेटतो. निम्मे प्रयोग कमी करा हवं तर, पण उरलेले खरे होऊ द्या.

गेल्या आठवड्यात एक मुलगी ९.५ घेऊन आली. घाबरलेली होती. झोका केवढा दिला होतास, म्हणून विचारलं, तर तिनं हातानं दाखवला तो कोन ३० अंशांच्या आसपास होता. एवढ्या कोनाला आवर्तकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर त्याच्या दुप्पट टक्क्यांनी घसरतं. हिशेब केला, तर तिचं ९.५ अगदी योग्य निघालं. मधल्या सुट्टीत पाच अंशांचा झोका देऊन तिनं पुन्हा मोजलं. ९.७ आलं. दोन्ही उत्तरं तिनं वहीत शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि खाली दोन्ही कोन लिहिले आहेत.