‘कोड असेल तर मुलाला झाकून ठेवा’ या मेसेजला एका आईचं उत्तर

गेल्या आठवड्यात तो एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, माहेरच्या आणि लेकीच्या वर्गातल्या आयांच्या, आणि वरून आत्याने पर्सनलवर पाठवला, "बघ गं काही उपयोग होतोय का" म्हणून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने मुलांना कोड (त्वचेवरचे पांढरे डाग) येतं, ते एकमेकांना लागतं म्हणून टॉवेल-ताट वेगळं ठेवा, बावचीचं तेल लावून उन्हात बसवा, डाग झाकतील असे कपडे घाला, मुलासमोर विषय काढू नका म्हणजे न्यूनगंड येणार नाही, आणि मुलगी असेल तर लग्नाचा विचार करून आत्ताच सावध व्हा.

माझी लेक सहा वर्षांची आहे. साडेचार वर्षांची असताना तिच्या दोन्ही गुडघ्यांवर आणि ओठाच्या कडेला कोड आलं. त्यामुळे हा मेसेज मी नुसता डिलीट करू शकत नाही, एकेक मुद्दा घेते.

दूध आणि मासे. आमच्या घरात माझ्या पणजीपासून कुणी मासा शिजवलेला नाही, तरी कोड आलंच. बंगालमध्ये दह्यातले मासे पिढ्यानपिढ्या खातात, तिकडे काय सगळ्यांना कोड आहे का? जगात साधारण 0.5 ते 2 टक्के लोकांना हे असतं, मासे खाणाऱ्या देशात आणि न खाणाऱ्या देशातही. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते आणि तिथला रंग जातो, एवढीच गोष्ट आहे. या मेसेजपायी किती आया पोरांचं दूध-दही-भात "पांढरं" म्हणून बंद करत असतील या विचाराने मला खरंच त्रास होतो, वाढीच्या वयातली पोरं आहेत हो ती.

लागतं म्हणे. नाही लागत. हात धरून नाही, एका डब्यात खाऊन नाही, एक टॉवेल वापरून नाही. हा गैरसमज बहुतेक ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावामुळे झालाय, कुष्ठ शब्द ऐकला की लोक दचकतात. पण कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काही संबंध नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बऱ्याचदा स्पर्श कळत नाही, कोडाच्या डागावर सगळं नेहमीसारखं कळतं, माझ्या लेकीला गुडघ्यावर गुदगुल्या केल्या तर ती घर डोक्यावर घेते. (आणि प्रत्येक पांढुरका डाग म्हणजे कोडही नसतं, लहान मुलांच्या गालावर कोरडे फिकट चट्टे खूप कॉमन आहेत. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.)

बावचीवर जरा थांबते कारण हा मुद्दा धोकादायक आहे. बावची या वनस्पतीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, त्याने कातडी उन्हाला प्रचंड नाजूक होते. सोरालेनचे उपचार डॉक्टर वापरत आलेत, पण किती औषध आणि किती मिनिटं प्रकाश हे मोजून. आमच्याकडे सासूबाईंनी प्रेमापोटी एकदा ते तेल लावून तिला गच्चीत बसवलं, त्या दिवशी काहीच दिसलं नाही आणि दोन दिवसांनी गुडघ्यावर टपोरे फोड. आणि कोडात अशी भाजलेली, खरचटलेली जागा पुढे आणखी पांढरी पडू शकते. म्हणजे डाग घालवायला लावलं आणि नवीन डागाला निमंत्रण दिलं. उपचार आहेत, मलमं आहेत, प्रकाशाचे सेशन आहेत, चेहऱ्यावर रंग परत येण्याची शक्यता चांगली असते, बोटांच्या टोकांवर कमी, आणि सगळ्याला महिनोन् महिने लागतात. ते मेसेजवाल्यांना कसं परवडणार, त्यांना सात दिवसांत गुण हवा.

आता झाकायचं आणि बोलायचं नाही, हा मुद्दा. यासाठीच मी लिहायला बसले.

खरं सांगते, पहिले काही महिने मी हेच केलं. लेगिंग्ज, लांब फ्रॉक, कुणी विचारलं की "पडली होती". तिच्यासमोर कोड हा शब्द काढायचा नाही असा घरात नियमच केला होता. एक दिवस आंघोळ घालताना बघते तर दोन्ही गुडघे चॉकलेटी. स्केचपेनने रंगवलेले, कडेकडेने नीट, रेघेच्या बाहेर न जाता, बालवाडीत शिकवतात तसे. मी चोळतेय आणि ती म्हणतेय "नको पुसू ना आई, आता कुणाला सांगायला नको पडली म्हणून." साडेचार वर्षांच्या पोरीला सगळं कळलं होतं. मी न बोलून तिला एवढंच शिकवलं होतं की हे काहीतरी लपवण्यासारखं आहे.

त्यानंतर आम्ही तिला सांगायला शब्द दिले. याला कोड म्हणतात. दुखत नाही. तुला लागणार नाही. तीन वाक्यं, घरी बाहुलीला विचारायला लावून पाठ केली, अगदी पाढ्यांसारखी. महिन्याभराने बागेत एका मुलाने गुडघ्याकडे बोट दाखवून "ए हे काय" विचारलं, हिने तिन्ही वाक्यं एका दमात म्हटली, त्याने "बरं" म्हटलं आणि दोघं घसरगुंडीच्या लाइनीत. त्याला फक्त माहिती हवी होती. लहान पोरं विचारतात ती बहुतेक वेळा चिडवायला नाही, आपण मोठे "श्श, असं विचारू नये" करतो तेव्हा त्यांना कळतं की इथे काहीतरी वाईट आहे.

उन्हासाठी झाकणं वेगळं आणि लोकांसाठी झाकणं वेगळं. पांढरी जागा उन्हात पटकन भाजते म्हणून टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन हे आम्हीही करतो आणि तिला कारणही तेच सांगतो. पण मागच्या गॅदरिंगला शाळेत तिला स्टॉकिंग्ज घालून मागच्या रांगेत उभं केलं, "फोटोत बरं दिसेल" म्हणून, ते मी चालवून घेतलं नाही. बाईंशी शांतपणे बोलले. त्या वाईट नव्हत्या हो, त्यांनाही असंच वाटत होतं की झाकलं म्हणजे जपलं. मग त्यांनीच वर्गात पाच मिनिटं सगळ्यांना समजावलं आणि तो ‘स्किन कलर’ म्हणून येणारा फिकट गुलाबी खडू दाखवून विचारलं, हा कुणाच्या हातासारखा आहे सांगा. एकाच्याही नव्हता.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन उभी केली, त्यांना स्वतःला कोड आहे. 25 जून हा जागतिक कोड दिन असतो. 2020 मध्ये कोड असलेली बार्बीसुद्धा बाजारात आली. मुलांना असं कुणीतरी आपल्यासारखं दिसू द्या, हे मी प्रत्येक आईला सांगते.

राहिला लग्नाचा मुद्दा. माझ्या लेकीचा परवा पहिला दात पडला, तो तिने काड्यापेटीत ठेवलाय आणि दिसेल त्याला दाखवतेय. आत्याला मी तेवढा फोटो पाठवला, हसताना, ओठाच्या कडेच्या डागासकट.