स्ट्रॅडल घेताय? आधी त्याचा भाव बघा

"रिझल्टच्या आदल्या दिवशी एटीएम कॉल पण उचला, पुट पण उचला, शेअर वर जाऊदे नायतर खाली, पैसे आपलेच." दर तीन महिन्यांनी कंपन्यांचा रिझल्ट सीझन आला की प्रत्येक टेलिग्राम ग्रुपवर असा एक महाभाग उगवतोच. कॉल म्हणजे ठरल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क, पुट म्हणजे विकायचा; या हक्कांनाच ऑप्शन म्हणतात. एटीएम म्हणजे तो ठरला भाव आजच्या भावाजवळचा, आणि दोन्ही एकत्र घेतले की झाला स्ट्रॅडल. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पण ठरलेले. १७ जानेवारी २०२४, एचडीएफसी बँक एका दिवसात ८ टक्क्यांच्या वर पडली. किंवा १७ एप्रिल २०२३ ची इन्फोसिस. खरंय, त्या दिवशी स्ट्रॅडलवाल्यांनी कमावले. पण ज्या रिझल्टनंतर शेअर दीड-दोन टक्के हलून गप्प बसला त्यांचे स्क्रीनशॉट कोण टाकणार?

अरे, रिझल्ट कधी आहे हे तुला माहितीये तसं समोर ऑप्शन विकणाऱ्याला पण माहितीये ना. गणपतीच्या आदल्या दिवशी दादरला फुलं घ्यायला गेलास तर भाव काय असणार? इथे त्या भावाला आयव्ही (इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे शेअर किती हलेल असं ऑप्शनच्या भावात धरलंय ते) म्हणतात, एवढंच.

हिशोब करू. समजा शेअर १,५०० ला आहे, एक्स्पायरीला (ऑप्शनची मुदत संपायला) आठवडा बाकी, कॉल ४० चा आणि पुट ३८ चा. म्हणजे ७८ रुपये खिशातून गेले, ५ टक्क्यांच्या थोडं वर. रिझल्ट लागला, शेअर ३ टक्के वर, १,५४५. तू खूश, की बघ हलला! आणि स्क्रीनवर दोन्हीची बेरीज ५५-६० च्या आसपास दिसते, कारण सस्पेन्स संपला आणि आयव्ही धाडकन खाली. शेअर हलला, दिशेचं टेन्शन पण नव्हतं, तरी लॉस. शेअर हलणार का हा प्रश्नच नव्हता, ७८ पेक्षा जास्त हलणार का हा होता.

इंडेक्सवाल्यांनी ४ जून २०२४ आठवा. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी ३ टक्क्यांच्या वर चढला होता, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी जवळजवळ ६ टक्के आपटला, इंडिया व्हीआयएक्स (निफ्टीच्या ऑप्शनमधली आयव्ही दाखवणारा आकडा) दिवसात ३० च्या पुढे गेला आणि दुसऱ्याच दिवशी १९ च्या आसपास. म्हणजे ४ तारखेला भीतीपोटी महागातले ऑप्शन घेऊन जे रात्रभर बसले त्यांचं काय झालं असेल ते बघा.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात, की चला आपणच विकू, रोज थीटा (दिवस सरतो तशी ऑप्शनच्या भावात होणारी घट) खाऊ. सकाळी ९:२० ला शॉर्ट स्ट्रॅडल टाकायचा (कॉल-पुट दोन्ही विकायचे), स्टॉपलॉस (ठराविक तोट्याला आपोआप बाहेर पडायची ऑर्डर) लावायचा आणि ऑफिसला जायचं. बरेच दिवस चालतं पण हे, आणि तोच धोका आहे. बेरिंग्ज बँकेचा ट्रेडर निक लीसन, त्यानं निक्केईवर (जपानचा इंडेक्स) हेच विकून ठेवलेलं, १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, निक्केई पडला, नंतर तोटा भरून काढायला तो पोझिशन वाढवत गेला आणि ८२७ मिलियन पौंडांच्या खड्ड्यात बेरिंग्ज बँकच गेली. गॅपडाऊन ओपनिंगला, म्हणजे बाजार कालच्या भावापेक्षा एकदम खालीच उघडला तर, तुमचा स्टॉपलॉस काय करणार सांगा. सेबीच्या आकड्यांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) मधले ९३ टक्के किरकोळ ट्रेडर लॉसमध्ये होते, ते काय सगळे बिनडोक नव्हते.

माझं मत विचाराल तर इव्हेंटच्या आदल्या दिवशी स्ट्रॅडल घेऊच नये. घ्यायचाच तर आठ-दहा दिवस आधी, आयव्ही झोपलेली असताना, आणि रिझल्ट यायच्या आधी बाहेर पडायचं, तेव्हा कमाई आयव्ही चढण्यावर. थीटा तेवढ्यात आपलं काम करतोच, त्यामुळे हे पण काय फुकटचं जेवण नाही. विकायचं असेल तर आयर्न कॉन्डर करा, म्हणजे थोडे लांबचे कॉल-पुट विका आणि त्यांच्याही पलीकडचे घेऊन ठेवा. प्रीमियम (ऑप्शन विकून मिळणारा भाव) कमी मिळतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण जास्तीत जास्त किती जाणार ते आधीच माहिती असतं आणि मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) पण कमी लागतं.

व्हीआयएक्सला १६ नं भागा, मार्केट दिवसाला साधारण किती टक्के हलेल असं ऑप्शनवाले धरून चाललेत ते कळतं. १६ असेल तर १ टक्का, १२ असेल तर पाऊण. तुम्हाला त्यापेक्षा जास्त का वाटतंय याचं उत्तर नसेल तर ऑर्डर टाकू नका.

आणि स्टॉक ऑप्शनवाल्यांनो, तिथे फिजिकल सेटलमेंट असते. इन द मनी (म्हणजे वापरला तर फायदा होईल असा) पुट एक्स्पायरीपर्यंत तसाच ठेवलात तर अख्ख्या लॉटचे (एका ऑप्शनमागे ठरलेल्या संख्येचे) शेअर द्यावे लागतात, कॉल असेल तर पूर्ण पैसे भरून घ्यावे लागतात. शेवटच्या दिवसांत मार्जिन पण वाढत जातं, ब्रोकरचा मेल येतो, तो वाचत जा जरा.