बाराव्या वेताचा प्रोसेसर

आपल्याच पैशांनी घ्यायच्या, आपल्याच टेबलावर ठेवायच्या संगणकात कोणता प्रोसेसर बसवावा हे शेजारच्या स्टुलावर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाने ठरवावे, आणि दुकानदाराने माझ्याकडे पाठ करून त्यालाच "व्हय की, आण्णा" म्हणावे, असा प्रसंग गेल्या शनिवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात माझ्यावर गुदरला. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करून देणे हा माझा व्यवसाय. संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, म्हणजे 2013 सालच्या मालातला, आणि आजही कुरकूर न करता चालणारा. परंतु विंडोज 10 ला कंपनीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या वगैरे मिळणे, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच लागतो. त्यामुळे माझे यंत्र ठणठणीत असूनही कागदोपत्री मयत झाले. एवढ्यावर भागत नाही. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीत, बसत नाही, कारण माझ्या सॉकेटला (प्रोसेसरच्या बैठकीला) 1150 पिना आणि नव्याला 1700. नव्या बोर्डात जुनी, डीडीआर3 या पिढीची रॅम (चालू कामाची मेमरी) बसत नाही, कारण तिची खाचच वेगळ्या जागी. पिनांची संख्या जुळली म्हणून सुटका होते असेही नाही. सहाव्या-सातव्या पिढीला 1151 पिना होत्या आणि आठव्या-नवव्या पिढीलाही 1151च होत्या, तरीही सातवीच्या बोर्डावर आठवीचा प्रोसेसर चालत नसे. हा हिशेब ज्याने बसवला त्याच्या घरातल्या दारांना किती प्रकारची कुलुपे असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

माझे बजेट पंचवीस हजारांचे होते आणि त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एवढेच घ्यायचे होते. मनातून मला इंटेलचा नव्हे, एएमडी कंपनीचा रायझन 5600जी हवा होता. सहा कोर (म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे सहा भाग), बारा थ्रेड (म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामांच्या बारा धारा), आत ग्राफिक्स, आणि बसतो तो 2016 पासून चालत आलेल्या एएम4 सॉकेटात. मी तसे म्हणताच दुकानदाराने हात झटकला. "एएमडी ठेवतच न्हाई, सर. गरम होतंय." हे वाक्य मी कोल्हापुरातच नव्हे, सांगली-मिरजेतही ऐकले आहे. 5600जी हा 65 वॅटचा आणि त्याने काउंटरवर काढून ठेवलेला इंटेलचा आय-थ्री 12100 हा 60 वॅटचा. पाच वॅटांच्या फरकाने माझी खोली तापणार नव्हती, पण दुकानात नसलेला प्रत्येक माल गरमच होतो, असा आपल्याकडचा व्यापारी संकेत आहे.

इथे आण्णांचा प्रवेश झाला. मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरचे कार्ट्रिज भरून घ्यायला ते आले होते, आतल्या खोलीत ते भरले जात होते, आणि तोपर्यंत त्यांना दुसरे काही काम नव्हते. गंगावेशीकडचे, पांढऱ्या स्वच्छ शर्टाचे, दुधाच्या धंद्यात हयात गेलेले गृहस्थ. दुकानदार मला "बारावी जनरेशन हाय ही" असे सांगत होता, तेवढ्यात त्यांनी स्टूल माझ्या बाजूला सरकवले.

"जनरेशन म्हंजे वेत की?"

मी म्हटले, तसे म्हणायला हरकत नाही, दर वर्षा-दोन वर्षांनी नवी पिढी येते.

"मग बाराव्या वेताची म्हस कोण घेतंय ओ?" आण्णांनी हा प्रश्न मला नव्हे, सबंध दुकानाला विचारला. "घ्यावी तर दुसऱ्या न्हाईतर तिसऱ्या वेताची. बारावं वेत म्हंजे पार थकली की ती."

दुकानात आणखी तिघे-चौघे होते आणि ते सगळे हसले. मी समजावून सांगू लागलो की इथे आकडा जितका मोठा तितका माल ताजा. आण्णांनी सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाले, "विकणारा असंच सांगतोय."

दुकानदाराने यावर माझी बाजू घ्यायला हवी होती, कारण तोच तर बारावी विकत होता. त्याने उलट मागच्या फळीवरून एक चकचकीत खोके काढले. "आण्णा म्हणत्यात तसलंबी हाय की, सर. आय-सेव्हन, सेकंड जनरेशन. बोर्डासकट निम्म्यात." आय-सेव्हन 2600 म्हणजे 2011 सालचा प्रोसेसर, कुठल्या तरी कचेरीतून निघालेला. त्याच्यासोबतच्या बोर्डावर 'एच61' असे छापलेले, आणि मला हवा असलेला बोर्ड होता एच610. पहिला चिपसेट, म्हणजे बोर्डाचा कारभार पाहणारी चिप, 2011 चा, दुसरा 2022 चा. या एका शून्याच्या आधाराने आपल्याकडे किती घरांत आय-सेव्हन म्हणून काय काय गेले असेल, ते त्या घरांनाच ठाऊक. दोन्ही प्रोसेसरांना कोर चार आणि थ्रेड आठच. फरक एवढाच की थंड मालाचा आग्रह धरणाऱ्या याच दुकानदाराचा आय-सेव्हन 95 वॅटचा होता आणि विंडोज 11 च्या यादीत त्याचे नावही नव्हते. हे मी मोठ्याने सांगितले. कोणी ऐकले नाही, कारण आण्णा तोवर कोरपाशी पोचले होते.

"कोर चार म्हंजे चार सड," ते म्हणाले. "म्हशीलाबी चारच असत्यात. मग ह्या आठ धारा कुठनं काढल्या?"

मला मनापासून राग आला तो इथे, कारण प्रश्न बरोबर होता. एका कोरवर दोन कामांच्या धारा एकदम चालवणे, म्हणजे एकीकडून रिकामा राहिलेला कोरचा भाग दुसरीला वापरू देणे, हेच तर थ्रेडिंग. मी दोन मिनिटे बोललो असेन. आण्णांनी ते शांतपणे ऐकले आणि दुकानदाराला म्हणाले, "म्हंजे सड चारच. आठ निव्वळ सांगायला." दुकानदार म्हणाला, "व्हय की, आण्णा."

मग 12100 च्या शेजारी ठेवलेल्या 12100एफ कडे त्यांचे लक्ष गेले. ती तीन हजारांनी स्वस्त का, असे त्यांनी विचारले आणि तिच्यात ग्राफिक्स नाही, वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही, हे कळताच त्यांनी ते खोके बोटाने दूर सारले. "भाकड." पुस्तकात तीन परिच्छेद लागले असते ते त्यांनी तीन अक्षरांत उरकले, हे मला मान्य करावे लागते. मात्र लगोलग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "तुमाला काय करायचंय त्याच्यावर? टायपिंगच की. मग कशाला एवढं बघतायसा?" पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा वडिलांना घेऊन शेजारी उभा होता आणि त्याच्या खेळांसाठी दीड लाखाची जुळणी चालली होती. त्याला मात्र एवढे कशाला बघतोस, असे कोणी विचारले नाही. तीनशे पानांचे पुस्तक, त्यात चित्रे, वर मराठी फॉन्ट, आणि प्रकाशकाचा दर तासाला फोन, हे काम असते; खेळ असतो तेव्हा त्याला यंत्र लागते आणि काम असते तेव्हा ते टायपिंग होते.

रॅमचा भाव विचारला तेव्हा दुकानदाराने आधी फोन लावला. "आजचा काय चालू हाय?" असे तिकडे विचारून त्याने आकडा सांगितला, तो मी दिवाळीआधी विचारून गेलो होतो त्याच्या दुपटीच्या वर होता. कारण जगजाहीर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी इतकी हवी आहे की बनवणाऱ्यांनी चिपा तिकडे वळवल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियल या नावाने सामान्य ग्राहकांना माल विकणेच बंद करण्याचे जाहीर केले. आण्णांना मी हे सांगितले. "एआय म्हंजे ते फोटोवालं?" होय, तेच. कोणी तरी आपला फोटो फेटा बांधलेल्या सरदाराच्या वेशात करून घेतो आणि त्याची किंमत राजारामपुरीत मी मोजतो. डीडीआर5 चा भाव मी विचारलाच नाही. सुदैवाने 1700 पिनांचे बोर्ड डीडीआर4 चेही मिळतात. एएमडीचा एएम4 नंतरचा एएम5 सॉकेट घेतला असता तर तोही मार्ग नव्हता.

सोळा जीबीचे आठ झाले आणि तिथून बिलावर घसरगुंडी सुरू झाली. "पक्कं बिल पाहिजे? मग अठरा टक्के वर." खोक्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, हे त्यावरच लिहिलेले असते. बंद खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागायची तर खरेदीचा पुरावा दाखवावा लागतो. तरीही पक्के बिल मागणारा माणूस आपल्याकडे कज्जेदलाल ठरतो, आणि बिल देणारा, दिलेच तर, उपकारकर्ता. यात विनोद करण्यासारखे मला काही सापडत नाही.

शेवटी बिल ठरले: आय-थ्री 12100, एच610 चा बोर्ड, आठ जीबीची एकच रॅम. मी अर्धा तास घासाघीस करून एक रुपया कमी झाला नव्हता. आण्णांचे कार्ट्रिज आतून आले, त्यांनी ते पिशवीत टाकले, आणि निघता निघता मागे न बघता म्हणाले, "त्येंचे दोनशे कमी कर रे. थकलेली म्हस घेऊन चाललेत." दुकानदाराने तत्क्षणी दोनशे कमी केले.

आण्णा गेल्यावर बिल हातात आले. खाली, रॅमच्या ओळीनंतर, 'थर्मल पेस्ट: 200' अशी एक नवी ओळ होती. या प्रोसेसरच्या खोक्यात जो पंखा येतो त्याच्या बुडाला ही उष्णता वाहून नेणारी पेस्ट कंपनीनेच लावून दिलेली असते, हे मी पंखा उलटा करून दाखवले.

"ती साधी असत्या, सर. आमी भारीतली लावतोय."

मग उरलेली ट्यूब तरी द्या, असे मी म्हटले.

"ट्यूब कसली, सर? एकच थेंब तर लागतोय."