फोन घ्यायचाय, एवढंच म्हणाले

आमच्या सोलापुरातल्या भिशीत पूर्वी सोन्याचा भाव निघायचा. आता रॅमचा, म्हणजे फोनमधल्या मेमरीचा निघतो.

मागच्या भिशीला भजी कढईत पडायच्या आधीच मॅडमनी (बँकेतनं रिटायर झाल्या तरी आम्ही त्यांना मॅडमच म्हणतो) जाहीर केलं, "कुणाला फोन घ्यायचा असेल तर आत्ता घ्या. मेमरी महागलीय." २०२५ सरता सरता मेमरी चिपांचे भाव चढले ते एआयमुळे. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते ढिगानं, पैसाही तिथं जास्त, म्हणून चिपा बनवणाऱ्यांनी माल तिकडं वळवला आणि फोनवाल्यांच्या वाट्याला टंचाई आली. मॅडमनी हे सगळं मागणी-पुरवठ्यासकट समजावलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा अक्कांनी एका वाक्यात विषय उरकला, "मंगल कार्यालयवाल्यानं पहाटंच मार्केट यार्डातली सगळी कोथिंबीर उचलली, तर आपल्याला जुडी कितीला पडंल?"

सगळ्यांच्या माना डोलल्या. त्या डोलत होत्या तोवर माझ्या तोंडून निघालं, "मलाही घ्यायचाच आहे नवीन फोन."

भजी राहिली बाजूला.

माझ्या जुन्या फोनचा माइक गेला होता. मला सगळ्यांचं ऐकू यायचं, माझं कुणाला ऐकू जायचं नाही. आमच्या ह्यांना यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसत नव्हतं. शिवाय ह्यांचा ठाम समज असा, की बायका जमल्या की सासू, साडी आणि सिरियल, यापलीकडे विषय जात नाही. त्या दिवशी हे पाणी प्यायला आत आले तेव्हा चाटी गल्लीच्या वहिनी युरोपियन युनियनला शाबासकी देत होत्या. युनियननं कायद्याचा बडगा दाखवला म्हणून २०२३ पासून आयफोनलासुद्धा टाइप-सी चार्जर आलं, आणि वहिनींच्या घरातलं चार्जरवरनं होणारं बापलेकाचं भांडण मिटलं. हे पाणी न पिताच बाहेर गेले.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं भिशीची तारीख पंचांगावर नाही, पाण्याच्या पाळीवर ठरते. एवढं जुळवून आलेल्या बायका मग रिकाम्या हातानं परत जात नाहीत. काहीतरी निकाल लावूनच उठतात. त्या दिवशी माझा लावायचं ठरलं.

"कॅमेरा दोनशे मेगापिक्सेलचा घ्या," वहिनी म्हणाल्या.

"आकड्यावर जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "असे फोन सोळा-सोळा पिक्सेलांचा एकेक करतात. खोक्यावर दोनशे, हातात येणारा फोटो साडेबाराचा. प्रकाश टिपणारा आतला सेन्सर केवढा आहे ते विचारा."

"मग बाकीचे गेले कुठं?"

"वटाव कापला," अक्का म्हणाल्या.

स्टोरेज १२८ जीबी की २५६, यावर जुळे सोलापूरच्या काकू म्हणाल्या, १२८ पुष्कळ झालं. क्षणभर सगळ्याच गप्प झाल्या. कारण काकू रोज पहाटे सहाच्या आत सूर्य, गुलाब, सिद्धेश्वराचं दर्शन आणि एक सुविचार अशी चार चित्रं पाठवतात. भारतातल्या फोनांची जागा या सुप्रभातांनीच भरते, हे गूगलवाल्यांनी शोधून काढल्याची बातमी २०१८ मध्ये आली होती. ती बातमीसुद्धा काकूंनीच पाठवली होती, गुलाबासकट.

खरी परीक्षा पुढं होती. यूट्यूबवर एक पोरगं फोन वाळूत पुरून, ब्लेडनं ओरखडून दाखवतं. आमच्याकडं त्याला काडीची किंमत नाही. "वाळूत कोण पुरतंय? पिठात पुरून दाखव म्हणावं," हा वहिनींचा आक्षेप. आणि तो बरोबर आहे. टचस्क्रीनला बोटाची कातडी लागते, कारण कातडीतनं वीज वाहते. तिच्यावर ज्वारीच्या पिठाचा थर बसला की फोन ढिम्म. हात ओला असला की भलतंच, न दाबलेलं बटण दाबलं जातं. वहिनींचा पुण्याचा मुलगा नेमका भाकरीच्या वेळेला व्हिडिओ कॉल करतो. उजवा हात परातीत, डाव्या हातावर थापलेली भाकरी, ती तव्यावर पडायची घाई. अशा वेळी वहिनी ओट्याशी वाकतात आणि हिरवं बटण नाकानं वर सरकवतात. नाक चालतं. नाकाला पीठ नसतं. मुलाला आईचं पहिलं दर्शन नाकपुडीचं होतं, आणि त्याच्याबरोबर ऑफिसमध्ये डबा खाणाऱ्या पोरांनाही. पण एवढं लाखमोलाचं निरीक्षण कुठल्या रिव्ह्यूत आलंय, सांगा.

अंगठ्याचा मुद्दा मोठ्या अक्कांचा. त्या म्हणजे अक्कांच्या थोरल्या जाऊबाई. हयात विड्या वळण्यात गेली. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडून आत दाबायचं. दिवसाकाठी हजाराचा हिशेब. अंगठ्यावरच्या रेषा त्यातच कधीतरी पुसल्या गेल्या. रेशनच्या मशीनवर दर महिन्याला हाच तमाशा होतो. पुसा, फुंकर मारा, दुसरं बोट लावा. वहिनींनी हौसेनं स्वतःचा नवा फोन पुढं केला, "यात अंगठा भरून बघा की." मोठ्या अक्कांनी पदराला अंगठा पुसून ठेवला. फोन थरथरला, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा ठेवला. पुन्हा थरथरला.

"हे तर मलाच अंगठा दाखवलालंय," मोठ्या अक्का म्हणाल्या.

मग चेहरा दाखवून उघडायचं बघितलं. मोठ्या अक्का डोक्यावरचा पदर खाली घेईनात आणि फोन पदरासकट ओळखेना. दोघंही हट्टी. शेवटी चार आकड्यांचा पिन ठरला. आकडे झिजत नाहीत. फिंगरप्रिंटसाठी जादा पैसे मोजायचे नाहीत, असा माझ्या वतीनं ठराव झाला. माझे अंगठे शाबूत आहेत, हे मी सांगून पाहिलं. नोंद घेतली नाही.

बोलून टाइप करायची सोय अक्कांच्या धंद्याची. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटच्या शेंगावाल्याशी कन्नड, अशा तीन भाषांत त्या शेंगाचटणीचा व्यवहार चालवतात. त्यांच्या फोनला एका वेळी एकच भाषा झेपते. त्यांनी पुण्याच्या एका बाईंना 'दोन किलो शेंगाचटणी पाठवते' असं सांगितलं, तर फोननं 'दोन किलो शंका चटणी' लिहून पाठवलं. त्या बाईंनी उलट विचारलं, काही शंका असेल तर आधीच सांगा, पैसे मग टाकते. तेव्हापासून अक्का फोनशी दटावून बोलतात. त्यांचं म्हणणं, त्यालाही कळतं.

एआयवर आमच्याकडं दोन तट आहेत. काकूंनी हळदीकुंकवाला त्याच्याकडनं उखाणा लिहून घेतला. छान जमला होता. पण पाठोपाठ आणखी दोघींनी घेतला तोही तोच निघाला, फक्त नवरा बदललेला. वहिनींचं वैर मात्र मुळातलं आहे, धंद्यातलं. २०२५ च्या सप्टेंबरात साधा फोटो टाकला की जुन्या सिनेमातल्या नायिकेसारखी साडी नेसवून देण्याची लाट आली. आमच्या ग्रुपवरही सगळ्या एकदम तिशीच्या झाल्या. वहिनींनी एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून तपासला. सासरचं तीन पिढ्यांचं साड्यांचं दुकान आहे, त्या कापड बोटानं नाही, नजरेनं चाचपतात. "ह्या पदराला सुरुवातच नाही," त्या म्हणाल्या. "खांद्यावरनं निघाला, पाठीमागं गेला, अन् मग कुठं गेला? निऱ्या मोजा. इथं पाच, गुडघ्याजवळ आठ. आणि काठ बघा, वळला तिथं त्याची नक्षीच बदलली. मागावर असं होत नसतं." ज्यांचे फोटो होते त्या गप्प. चादरी-टॉवेलांच्या या गावात राहून कापडावरच फसवायला निघालेलं ते यंत्र मला उगीचच भाबडं वाटलं.

पण सगळंच हसण्यावारी जात नाही. आमच्यातल्या निम्म्या जणींची मुलं पुण्यात हिंजवडी नाहीतर खराडीला आयटीत आहेत. त्यामुळं आयटीची बातमी आमच्याकडं घरची बातमी असते. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी भिशी होती. कुणाचा मुलगा कुठं आहे हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी कुणाला विचारलं नाही. चहा गार झाला. मोठ्या अक्कांचा नवरा इथल्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये होता. त्या म्हणाल्या, "मिल बंद पडली तवा भोंगा वाजायचा थांबला. अख्ख्या गावाला कळलं. ह्यांना म्हणं ईमेल येतो. शेजारच्या टेबलाला तरी कळतं का?" यावर मॅडमकडंही आकडा नव्हता.

तर फोन. ठरलेल्या दिवशी नवी पेठेतल्या दुकानात मी, मॅडम, वहिनी आणि दोन्ही अक्का अशी वरात गेली. काउंटरवरचं पोरगं विशीतलं, केसांना जेल. त्यानं आमच्या मागं कुणी पुरुष माणूस येतंय का, हे मान वाकडी करून पाहिलं. कुणी येत नाही म्हटल्यावर सैलावला.

"काकूंना काय, व्हॉट्सॲप-यूट्यूबच लागतं ना? हा घ्या, गुलाबी पण आहे."

"बाळा," अक्का म्हणाल्या, "माझ्या फोनवर धंद्याची दोन खाती, पोरीची फी, गॅसचा नंबर, लाइटबिल अन् सासऱ्याची पेन्शन आहे. तुझ्या फोनवर काय आहे?"

त्याच्या फोनवर गेम चालू होता. त्यानं तो पालथा घातला.

मॅडमनी ताबा घेतला. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं? पोरानं खोकं उलटंपालटं केलं. ते खोक्यावर नसतं. मग म्हणाला, "आयपी चौसष्ट आहे मॅडम, पाण्यात टाकला तरी चालतो."

"पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. चार म्हणजे नुसते शिंतोडे. पाण्यात टाकायचा तर दुसरा आकडा सात-आठ लागतो. आणि पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही, ते सांगतोस का गिऱ्हाइकाला?"

"पिठाला धूळच म्हणायचं ना?" वहिनींनी मधेच विचारलं. पोरानं सरळ शरणागती पत्करली, हो म्हणाला.

"नो कॉस्ट ईएमआय पण आहे," त्यानं शेवटचा हुकमी पत्ता टाकला. बँकेतल्या बाईपुढं. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला, म्हणजे आम्ही समजलो. "२०१३ सालीच रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलंय, शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते कुठंतरी लपवलेलं असतं. प्रोसेसिंग फी कितीय? तिच्यावर जीएसटी? आता हे सगळं नको, रोख देतोय, तर किती कमी करशील ते सांग." तो आत मालकाला विचारून आला. मग मालकच बाहेर आले. मॅडमना पाहून नमस्कार केला. बहुतेक यांचं कर्ज कधीकाळी त्यांच्या टेबलावरनं गेलं असावं. भाव तिथल्या तिथं उतरला.

या सगळ्यात मी एकदाच बोलले. रंग निळा हवा होता. निळा संपला होता. काळा घ्या, पिठाचे डाग लगेच दिसतात, म्हणजे पुसला जातो, असं वहिनींनी ठरवलं.

माइक तपासायला वहिनींनी दुकानाबाहेर जाऊन मला फोन लावला. माझा आवाज नीट येतोय म्हणाल्या, आणि पुढचं काही ऐकून न घेता ठेवला.

कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास फुकट मिळवायचं काम अक्कांचं. ते त्यांनी 'देतोस का, का शेजारी जाऊ' एवढ्यावर केलं. पोरानं ओलं-कोरडं फडकं फिरवून काच बसवली, अंगठ्यानं मधनं कडेकडेनं दाबत नेली आणि फोन माझ्याकडं सरकवला. तो मी घ्यायच्या आत अक्कांनी घेतला, ट्यूबलाइटखाली तिरका धरला. डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा होता.

"हे काय?"

"जातंय काकू ते. दोन दिवसांनी आपोआप."

"मग पैसे पण दोन दिवसांनी आपोआप येतील," अक्का म्हणाल्या आणि स्टूल ओढून खाली बसल्या.

पोरानं खण उघडून दुसरी काच काढली.