बागेची तक्रार आणि गावाची बदनामी

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मैत्रिणीने सांगलीतल्या एका बागेची छायाचित्रे टाकली. घसरगुंडीखाली साचलेले पाणी, बाकाभोवती वेफर्सची पाकिटे आणि चहाचे कागदी कप, आणि एका बाजूची साखळी तुटून लोंबणारा झोका. खाली तिने एवढेच विचारले होते की, याची तक्रार नेमकी कुठे करायची? या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणीही दिले नाही. उलट एका वर्गमित्राने लिहिले, ‘फोटो टाकून गावाची बदनामी कशाला? एवढीच कळकळ असेल तर रविवारी झाडू घेऊन या.’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी मैत्रिणीची बाजू घेतली, तेव्हा उत्तर आले, ‘इंग्लंडात बसून बोलणे सोपे आहे. तिथल्या लोकांना शिस्त आहे, आपल्याकडे ती नाही.’

या शिस्तीबद्दल मला बोलायचे आहे. यॉर्कशरमधल्या ज्या गावात मी राहते, तिथे बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, ऊन पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कमध्ये पाय ठेवावासा वाटत नाही. एकदा वापरून फेकायच्या बार्बेक्यूंनी गवतावर चौकोनी करपलेले डाग पडलेले असतात, बाटल्या असतात, आणि कुत्र्याची विष्ठा भरलेल्या पिशव्या झाडांच्या फांद्यांना टांगलेल्या असतात. इथली माणसे आमच्या कृष्णाकाठच्या माणसांपेक्षा स्वच्छ आहेत, असे मला आजवर एकदाही वाटलेले नाही. फरक आहे तो घाण दिसल्यावर पुढे काय होते यात.

इथे २००७ पासून फिक्समायस्ट्रीट नावाचे संकेतस्थळ आहे. नकाशावर जागेची खूण करायची, दोन ओळी लिहायच्या, छायाचित्र जोडायचे. तक्रार संबंधित कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडे, जाते आणि नकाशावर ती कोणालाही वाचता येते. चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारले जाते की, काम झाले का? काम न झाल्याची नोंदही तशीच सर्वांसमोर राहते. यात कोणाला आपल्या गावाची बदनामी दिसत नाही. शिवाय १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने कौन्सिलवर आपल्या जागा कचऱ्यापासून मुक्त ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि ते पाळले गेले नाही तर सामान्य नागरिकाला पाच दिवसांची लेखी सूचना देऊन मॅजिस्ट्रेट कोर्टात जाता येते. कोर्टात जाणारे विरळाच, पण तो रस्ता उघडा आहे हे कौन्सिलला ठाऊक असते.

‘तिथे पैसा आहे’ हा पुढचा युक्तिवादही ग्रुपवर झालाच. इथल्या कौन्सिलांची अंदाजपत्रके गेली कित्येक वर्षे आक्रसत आहेत, आणि बागा राखणे हे इथे कायद्याने सक्तीचे कामच नाही, त्यामुळे पहिली कात्री तिथेच लागते. आपल्याकडेही स्थिती वेगळी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये सार्वजनिक जागा झाडणे आणि कचरा उचलणे ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर बागा आणि क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांत येतात. म्हणजे दोन्हीकडे बाग ऐच्छिक आणि सफाई सक्तीची. मग सक्तीच्या कामाची आठवण करून देणारी मैत्रीण गावाची वैरी कशी ठरते?

आणि झाडूचे म्हणाल, तर सांगलीकरांना श्रमदान शिकवण्याची गरज कोणालाच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. ते ओसरल्यावर घराघरांतून, दुकानांतून गाळ उपसणारे हात मी इथे पडद्यावर पाहिले आणि त्या दिवसांत मला कामावर लक्ष देता आले नाही. असे गाव बेशिस्त आहे हे मी कोणाकडूनही ऐकून घेणार नाही, सांगलीत राहणाऱ्याकडूनही नाही. पण झाडूने साखळी जोडली जात नाही. झोक्याची साखळी वरच्या आडव्या नळीला जिथे अडकवलेली असते, तिथली कडी वर्षानुवर्षे घासून एका बाजूने पातळ होत जाते; मूल बसले की लोखंड करकरते, आणि मग एक दिवस ती कडी उघडते. ती वेळेवर बदलायची तर करकर ऐकणाऱ्या कोणीतरी ती कळवावी लागते, आणि कळवल्याची तारीख कुठेतरी लिहिलेली असावी लागते. रविवारी चाळीस जणांनी कचरा उचलला तर सोमवारी बाग स्वच्छ दिसते, मंगळवारी कचराकुंडी पुन्हा भरते, आणि ती महिनाभर रिकामी झाली नव्हती ही गोष्ट कोणत्याही कागदावर येत नाही.

आपल्याकडे तक्रारीची सोय नाही असेही नाही. केंद्राचे स्वच्छता ॲप २०१६ पासून आहे, राज्याचे ‘आपले सरकार’ पोर्टल त्याच्याही आधीचे आहे. अडचण अशी की बागेतला कचरा आरोग्य विभागाचा, झोका उद्यान विभागाचा, बंद दिवा विद्युत विभागाचा आणि गळका नळ पाणीपुरवठ्याचा. एका बागेसाठी चार दारे ठोठावण्यापेक्षा माणूस नगरसेवकाला फोन करतो. काम कधी होतेही, पण ते उपकार म्हणून होते, आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्याच्या गल्लीतली बाग तशीच राहते.

‘तू तिकडचा कौन्सिल टॅक्स भर, इथले आम्ही बघू,’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. वडिलांच्या पश्चात सांगलीतल्या घराची घरपट्टी मीच भरते, हे मी लगेच लिहिले. पण खरे दुखणे पावतीने भागणारे नव्हते. इथल्या पार्कमधला मोडका बाक मी मुकाट्याने कळवते, कारण इथे मला कोणी ‘तू कोणाची, कुठली’ असे विचारत नाही. आणि विचारत नाही म्हणूनच तो बाक दुरुस्त झाल्याचा मला आनंदही बेताचाच होतो. सांगलीच्या आमराई बागेतल्या वाटेवर मी चालायला शिकले. तिथे एक फरशी उखडलेली दिसली तरी जीव तुटतो, पण सुट्टीत आल्यावर तसे म्हणावे तर घरचेही ‘पाहुण्यासारखी आलीस, चार दिवस राहा’ म्हणतात. वीस वर्षे परक्या देशात राहून मी इथली झाले नाही, आणि आता बागेतल्या कचऱ्यावर बोलण्यापुरतीही सांगलीची राहिले नाही, हे मला मान्य नाही.

मैत्रिणीला मी शेवटी खासगीत कळवले. साखळीचा अर्ज उद्यान विभागाकडे वेगळा दे, कचऱ्याचा आरोग्य विभागाकडे वेगळा. दोन्हींवर बागेचे नाव, प्रवेशद्वारापासूनची जागा आणि तारीख लिही, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नकोस, आणि तो क्रमांक त्याच ग्रुपवर टाक. महिन्याने काय झाले तेही तिथेच लिही. ज्यांना रविवारी झाडू घेऊन यायचे आहे त्यांनी जरूर यावे. पण तो झोका दुरुस्त होईपर्यंत वर बांधून ठेवायला एक दोरी बरोबर आणावी.