‘चारांपैकी एक सिस्टर रोज गायब’: या हिशेबात रविवार कुठे आहे?

गेल्या आठवड्यात आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर थोरल्या बंधूंनी एक संदेश पुढे पाठवला. ‘सरकारी दवाखान्यात सिस्टर का दिसत नाही?’ असे त्याचे शीर्षक. रोज चारांपैकी एक सिस्टर गैरहजर असते. आजारपणाचे दाखले खोटे असतात आणि ते सणावारालाच निघतात. लग्न झालेल्या बायकांची निम्मी नोकरी बाळंतपणाच्या रजेत जाते, म्हणून अविवाहित मुली किंवा पुरुषच घ्यावेत. बोटाचा ठसा आणि पगारकपात लागू केली की खाडे बंद होतील. खासगी रुग्णालयात असले काही चालत नाही. आणि एवढे करूनही जमले नाही तर सगळी भरती कंत्राटी करावी, हे त्याचे सार. माझी मुलगी एका शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. रात्रपाळी संपवून सकाळी साडेनऊला घरी आल्यावर तिने तो वाचला आणि खाली लिहिले, ‘मोठे काका, वाचलं. आता झोपते.’ दादांनी त्यावर हात जोडल्याचे चित्र टाकले. मी निवृत्त होईपर्यंत १९ वर्षे एका रुग्णालयाच्या आस्थापना शाखेत हजेरीपट आणि रजेची प्रकरणे सांभाळली आहेत, त्यामुळे नुसते हात जोडून गप्प बसणे मला जमणार नाही.

चारांपैकी एक हा आकडा कुठून आला हे संदेशात सांगितलेले नाही, परंतु तो कसा तयार होतो हे मात्र मी सांगू शकतो. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, नियमाने मिळणारी ३० दिवसांची अर्जित रजा आणि ८ दिवसांची किरकोळ रजा वजा केली की २७५ दिवस उरतात. म्हणजे जी परिचारिका वर्षभरात एकदाही आजारी पडली नाही, जिने एकही खाडा केला नाही, तीसुद्धा ३६५ पैकी ९० दिवस वॉर्डात नसते, आणि हे प्रमाण २५ टक्क्यांच्या जवळ जाते. संदेश लिहिणाऱ्याने ज्याला ‘गायब’ म्हटले आहे तो बहुतांशी रविवार आहे, फक्त तो मंगळवारी किंवा गुरुवारी मिळालेला असतो. (राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि रुग्णालये त्यातून वगळली गेली. दादांचे चिरंजीव गेली काही वर्षे दर शनिवारी घरी असतात; त्यांना कोणी गायब म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.)

हाच हिशेब एक पाऊल पुढे नेला पाहिजे, कारण खरे दुखणे तिथेच आहे. वॉर्डातील एका जागेवर चोवीस तास एक सिस्टर हवी असेल, तर तीन पाळ्यांप्रमाणे वर्षाला १,०९५ पाळ्या भरतात. एकीच्या वाट्याला २७५ पाळ्या येत असतील, तर त्या एका जागेसाठी चार परिचारिका लागतात. तीन पाळ्या म्हणून तीन माणसे नेमून मोकळे होणे ही कार्यालयातील सर्वांत जुनी चूक आहे. हे माझे घरगुती गणित आहे असे कोणाला वाटू नये. केंद्र सरकारच्या कर्मचारी निरीक्षण पथकाने परिचारिकांच्या पदांसाठी जे निकष ठरवले, त्यांत सर्वसाधारण वॉर्डात सहा खाटांमागे एक हे प्रमाण धरल्यावर त्या संख्येत ४५ टक्के पदांची भर घालण्यास सांगितले आहे, कारण रुग्णालय वर्षाचे ३६५ दिवस चालते आणि माणूस चालत नाही. या ४५ टक्क्यांत १० टक्के रजा राखीव पदे (म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी उभे राहण्यासाठीची जादा पदे) धरलेली आहेत, आणि प्रसूती रजा, अर्जित रजा व महिन्याच्या आठ सुट्ट्या यांचा उल्लेख तिथे नाव घेऊन केलेला आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांतही ३० टक्के रजा राखीव सांगितलेली आहे. म्हणजे परिचारिका रजेवर जाणार, हे शासनाच्या कागदाला संदेशलेखकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ती राखीव पदे मंजूर झाली नाहीत किंवा मंजूर होऊन रिक्त राहिली, की एकीची रीतसर मंजूर रजा दुसरीच्या डबल ड्युटीत बदलते, आणि डबल ड्युट्या करणारी काही आठवड्यांनी स्वतःच तापाने पडते. हजेरीपटावर मग तिच्या नावापुढे लाल शाईची खूण येते, रिकाम्या पदापुढे मात्र कसलीच खूण येत नाही.

आता सणावाराच्या आजारपणाविषयी. येथे मला नाइलाजाने थोडी कबुली द्यावी लागते. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत वैद्यकीय दाखल्यांचा ढीग माझ्या टेबलावर वाढत असे, आणि त्यांतील सगळेच ताप खरे होते असे मी शपथेवर सांगणार नाही. काही जणी दरवर्षी नेमाने त्याच सुमारास आजारी पडत, आणि त्यांच्या वाट्याच्या पाळ्या निमूटपणे करणाऱ्या इतर सिस्टरांवर तो अन्यायच होता. परंतु त्याच टेबलाच्या दुसऱ्या खणात दोन-दोन महिने आधी आलेले अर्जित रजेचे अर्ज असत, आणि त्यांवर ‘मनुष्यबळाअभावी नामंजूर’ असा शेरा मीच लिहून सहीसाठी पाठवत असे. आगाऊ विचारणाऱ्याला नकार आणि आयत्या वेळी दाखला आणणाऱ्याला मंजुरी, अशी रीत पडली, की प्रामाणिक बाईसुद्धा दुसऱ्या वर्षी दाखलाच आणते. एका वर्षी आमच्या अधिसेविकाबाईंनी (मेट्रननी) दिवाळीची ड्युटी लिस्ट महिनाभर आधी लावली, चार दिवसांचे वाटप चिठ्ठ्या टाकून केले आणि आपापसांत पाळी बदलून घेण्याची मुभा दिली. त्या वर्षी दाखले स्पष्टपणे कमी आले. त्या बदलून गेल्यावर यादी पुन्हा आदल्या संध्याकाळी लागू लागली.

संदेशातील सर्वांत संतापजनक भाग बाळंतपणाचा आहे. ‘निम्मी नोकरी’ हे शब्द लिहिताना लेखकाने बोटांवर तरी मोजायला हवे होते. राज्य शासकीय सेवेत प्रसूती रजा १८० दिवसांची आहे, आणि ती हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असतानाच मिळते. २५व्या वर्षी लागून ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या परिचारिकेची सेवा ३३ वर्षांची, म्हणजे सुमारे १२,०४५ दिवसांची होते. दोन बाळंतपणांचे ३६० दिवस त्यातले तीन टक्के. त्यात बालसंगोपन रजेचे १८० दिवस मिळवले तरी साडेचार टक्के. आणि ही अशी रजा आहे, की जिची तारीख रुग्णालयाला सहा-सहा महिने आधी कळलेली असते. दुसऱ्या कोणत्याही रजेची इतकी आगाऊ वर्दी मिळत नाही. सहा महिने हातात असताना बदली माणूस मिळत नसेल, तर दोष गर्भाचा नव्हे.

राहिला अविवाहित मुलींचा प्रश्न. हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे आणि त्याचा निकालही लागला आहे. लष्कराच्या परिचर्या सेवेतील लेफ्टनंट सेलिना जॉन यांना लग्न केले म्हणून १९८८ मध्ये सेवेतून काढले गेले. तसे करता येईल असा १९७७ चा नियम होता. तो पुढे १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. त्यांचा झगडा अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. लग्न केले म्हणून स्त्रीला नोकरीवरून काढणे हा ढळढळीत लिंगभेद आणि मनमानी आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि केंद्र सरकारला ६० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. हा संदेश मोठ्या हौसेने पुढे पाठवणाऱ्यांनी तेवढी रक्कम प्रत्येक काढलेल्या सिस्टरमागे बाजूला ठेवण्याची तयारी करावी. आणि पुरुष परिचारक, ज्यांना वॉर्डात आपण ब्रदर म्हणतो, तेही आजारी पडतात, त्यांनाही आई-वडील असतात आणि पाठीचे दुखणे तर दोघांनाही सारखेच होते, कारण ऐंशी किलोचा रुग्ण उचलायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, वेळेवर मिळाला नाही तर तो ज्याच्या त्याच्या कमरेवरच येतो.

बोटाचा ठसा माणूस किती वाजता आला एवढेच सांगतो, तो का आला नाही हे सांगत नाही. ठशाला माझा विरोध नाही. उशिरा येणाऱ्यांना त्याने चाप बसतो, हे खरे. परंतु पगारकपातीच्या समर्थनार्थ संदेशात ‘ब्रिटनचा ब्रॅडफर्ड गुणांक’ दिला आहे, त्यातला धोका लेखकाला दिसलेला नाही. या सूत्रात गैरहजेरीच्या प्रसंगांचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणतात. सलग दहा दिवस घरी राहिलेल्या परिचारिकेचा गुणांक १० येतो, आणि दहा वेळा एकेक दिवस राहिलेल्या परिचारिकेचा १,०००. आता जुलाब लागलेल्या किंवा खोकल्याने बेजार झालेल्या सिस्टरपुढे दोन वाटा उरतात: दुखणे एका दिवसाचे आहे हे माहीत असूनही लांबलचक दाखला आणणे, किंवा तसेच कामावर येऊन नवजात अर्भकांच्या कक्षात उभे राहणे. दुसऱ्या वाटेची किंमत कोण मोजेल, हे दादांनी आजोबा या नात्याने ठरवावे. त्याच ब्रिटनमध्ये २००९ साली स्टीव्हन बूरमन यांनी तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील आजारपणाच्या रजेचा आढावा घेतला होता. वर्षाला एक कोटी तीन लाख कामाचे दिवस बुडतात आणि कर्मचाऱ्यांच्या आरोग्याकडे नीट लक्ष दिले तर त्यातले एक तृतीयांश वाचतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाठदुखीवर लवकर उपचार, मानसिक ताणासाठी मदत आणि वरिष्ठांची वागणूक यांवर त्यांचा भर होता. यांपैकी एकाही गोष्टीला बोटाचा ठसा लागत नाही.

खासगी रुग्णालयांविषयी एवढेच सांगतो, की तेथे खाडे दिसत नाहीत याचे एक कारण असे, की खाडे करणारी बाई नोकरीच सोडून जाते आणि तिच्या जागी महिनाभरात नवी मुलगी उभी असते. पगार इतके तुटपुंजे होते, की सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये त्यासाठी समिती नेमायला लावली, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये द्यावेत अशी त्या समितीला शिफारस करावी लागली. कंत्राटी भरतीचेही तसेच आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्धच संपावर गेल्या होत्या. करारावरची मुलगी कायम जागेची जाहिरात निघाली की त्याच दिवशी अर्ज भरते, आणि ती गेली की हजेरीपटावर खाडा नव्हे, एक पूर्ण ओळ कमी होते.

संदेशाच्या शेवटी ‘आरोग्यमंत्र्यांपर्यंत पोहोचेपर्यंत शेअर करा’ असे लिहिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती, आणि त्यानंतर एका खासदाराने तेथील अधिष्ठात्यांच्या हाती शौचालय धुण्यासाठी झाडू दिला. असे काही वर पोहोचले की खाली कोणत्या रूपात येते, ते महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. त्यापेक्षा माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्हा रुग्णालयाला चार गोष्टी विचाराव्यात: परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत रजा राखीव किती, आणि गेल्या वर्षी अर्जित रजेचे किती अर्ज मनुष्यबळाअभावी नामंजूर झाले. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. दादांसाठी ते मी आणून ठेवले आहे.