सकाळी २२.४३, संध्याकाळी २२.४७

जलतरणपटू वीरधवल खाडेचा विषय निघाला की लोक 'एका शतांशाने पदक हुकलं हो' म्हणून हळहळतात आणि सगळं नशिबावर ढकलून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सेकंदाचे शतांश कुठे कुठे सांडतात, हे बोटावर मोजून दाखवता येतं.

आधी आकडे. ऑगस्ट २०१८, जकार्ता एशियाड. सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, कोल्हापूरच्या या पठ्ठ्याने २२.४३ सेकंद वेळ दिली आणि २००९ मधला स्वतःचाच २२.५२ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. (२००९ म्हणजे पोहण्याचा वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेन सूटचा जमाना. २०१० पासून त्या सूटवर बंदी आली. त्या काळातला आकडा नऊ वर्षांनी साध्या कापडी सूटमध्ये मोडणं ही खायची गोष्ट नाही.) संध्याकाळी फायनलला २२.४७. जपानच्या शुनिची नाकाओने २२.४६ ला भिंत गाठली आणि ब्राँझ नेलं. हीटचीच वेळ पुन्हा आली असती तर पदक आपलं होतं. या वेगाला एक शतांश म्हणजे जेमतेम २.२ सेंटीमीटर. बोटाचं एक पेर.

आता हे पेर कुठे जातं ते बघा. बझर वाजल्यापासून पाय ब्लॉकवरून (उडी मारायच्या ओट्यावरून) सुटेपर्यंत चांगल्या स्प्रिंटरलाही ०.६० ते ०.७० सेकंद लागतात. मागचा पाय ब्लॉकच्या तिरक्या पट्टीवर घट्ट नसला तर तिथेच दोन-तीन शतांश गेले. सूर मारताना बोटं जिथून पाण्यात शिरली तिथूनच डोकं, कंबर आणि पाय आत गेले पाहिजेत. पोट आपटलं की संपलं. पाण्यात शिरतानाचा वेग पोहण्याच्या वेगाच्या दुपटीहून जास्त असतो. घाईने डॉल्फिन किक (पाण्याखाली दोन्ही पाय जोडून मारायची लाथ) सुरू केली तर वाकलेले गुडघेच ब्रेक लावतात, उशीर केला तर वेग आधीच मेलेला असतो. नियम १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहू देतो, पण ५० फ्रीला बहुतेक जण त्याआधीच वर येतात, कारण तिथून पुढे हातच जास्त वेग देतात. श्वास? एखादा, किंवा तोही नाही. डोकं वळलं की कंबर ढळते.

पण खरी मारामारी शेवटच्या पाच मीटरांत. तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे आडवी होऊन संपते, ती खूण धरून स्ट्रोक बसवायचे असतात. भिंत अर्ध्या स्ट्रोकवर आली की पंचाईत. नुसतं सरकत गेलं तर वेग पडतो, आणखी एक आखूड हात मारला तर तो हात डोक्यावरून फिरून पुढे येईपर्यंत शेजारच्या लेनचा टच झालेला असतो. हात पूर्ण ताणलेला, खांदा पुढे, अंग किंचित कुशीवर आणि डोकं खाली. भिंत बघायला मान उचलली की हात तेवढाच मागे राहतो. घड्याळ थांबवणारं भिंतीवरचं टचपॅडही बोटांनी ठोकावं लागतं, नुसतं कुरवाळून घड्याळ थांबत नाही.

कुणी म्हणेल, मग हजारांश मोजा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मोजला होता. ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत (चारही प्रकारांच्या शर्यतीत) गुन्नार लार्सनला टिम मॅकीपेक्षा ०.००२ सेकंदाने सुवर्ण दिलं, आणि मग शतांशावरच थांबायचं ठरलं. कारण साधं आहे: या वेगाला हजारांश म्हणजे दोन मिलिमीटर, आणि प्रत्येक लेन दोन मिलिमीटरच्या आत सारखी बांधणारा गवंडी अजून जन्माला यायचाय.

माझी तक्रार त्या एका पेराबद्दल नाहीच. १६ व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक, १९ व्या वर्षी ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ, वेळ २४.३१. खजान सिंगच्या १९८६ मधल्या सोल एशियाडच्या रौप्यानंतर जलतरणातलं आपलं पहिलंच पदक, तब्बल २४ वर्षांनी. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार. ज्या प्रकारात पदक मिळालं तो प्रकार तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हताच, २०२८ ला पहिल्यांदा येतोय. हे एक वेळ सोडा. पण सरकारने कौतुकाने त्याला तहसीलदार केलं आणि स्प्रिंटरची ऐन ताकदीची मधली काही वर्षं सरावाविना गेली. पोहणाऱ्याला पाण्याची पकड काही दिवसांच्या खाड्यातही सुटल्यासारखी वाटते. इथे तर वर्षं! नोकरी हवीच, पोट सगळ्यांना आहे. मग निदान स्पर्धेच्या वर्षांत तरी भरपगारी रजा आणि सराव हेच काम, असं लेखी का नसावं? तसं असतं तर २२.४३ हा आकडा २०१४ लाच दिसला असता असं माझं ठाम मत आहे.

टोकियो ऑलिंपिकची 'अ' पात्रता वेळ, म्हणजे थेट प्रवेशाची, ५० फ्रीला २२.०१ होती. त्यासाठी तयारी चालू असताना २०२० मध्ये तलावच बंद झाले, आणि निवृत्तीचा विचार करावा लागेल असं त्याने जाहीरपणे लिहिलं. तरी तो थांबला नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण वीरधवलचं आणि महिलांचं त्याची बायको ऋजुताचं. एकाच घरात, एकाच अंतराची दोन.